बाळू पालवणकरांचे मैदान

मैदानावर जातपात नसते, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. बाळू पालवणकरांचे चरित्र वाचल्यावर ते सांगणे जड जाते. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखीत. ग्रेग नामक इंग्रज फलंदाजास ते तासन्‌तास चेंडू टाकीत. त्या अखंड मेहनतीतूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. व्यायामाचे आमचे पंतोजी याकडे कधी पाहणार?

पुढे हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. चहा मात्र तंबूबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून! त्यांनी मिळविलेले बळी चालत होते, त्यांच्या हातची कपबशी चालत नव्हती. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस नमविले, त्यात त्यांचा वाटा मोठा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी टिपले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० साली त्यांच्या बंधूंनी याच अन्यायाच्या निषेधार्थ संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल कर्णधार झाले.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. काँग्रेसचे हे धोरण आम्हांस आजही खटकते. बाळू हरले. १९५५ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.