मोजून बोलणारा राजा : राजर्षी शाहू महाराज



२६ जून जवळ आला की शाळाशाळांत भाषणांची तयारी सुरू होते. जन्म, दत्तकविधान, वसतिगृहं, आरक्षण असं सगळं मुलं घडाघडा पाठ करतात. ते हवंच. पण महाराजांची काम करण्याची एक रीत भाषणात बहुतेक वेळा राहून जाते. लोकांच्या मनात पक्की बसलेली खोटी समजूत त्यांनी आधी आकड्यांनी तपासली, मग लेखी हुकुमाने मोडली आणि गरज पडली तिथे स्वतः वागून दाखवलं. आज गावात, ग्रामसभेत, मोबाइलवर काहीबाही पसरत असताना आपल्या मुलांना ही रीत समजायलाच हवी. म्हणून या लेखात महाराजांचं चरित्र त्या अंगाने पाहूया.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि आई राधाबाई. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोटला आणि पुढे धारवाडला फ्रेजर साहेबांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

कारभार हाती येताच चित्र काय दिसलं? दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे. खाजगी खात्यात ५२ पैकी ४५ तसेच. बाकीच्या समाजांची माणसं कुठे आहेत, असं विचारलं तर त्या काळी ठरलेलं उत्तर मिळायचं की त्यांच्यात ती लायकीच नाही. आता बघा, ज्याच्या पोराला शाळा नाही त्याला नोकरी कुठून मिळणार? आणि नोकरी मिळणारच नसेल तर तो पोराला शाळेत तरी कशाला घालील? लायकी नाही हे कारण म्हणून सांगितलं जात होतं. खरं तर तो बंद दारांचा परिणाम होता. १८९९ मध्ये वेदोक्त प्रकरण उभं राहिलं आणि जन्मावरून माणूस लहान ठरवणं म्हणजे काय, हे खुद्द छत्रपतींनाही सोसावं लागलं.

महाराजांनी दोन्ही टोकांनी काम सुरू केलं. खेड्यातल्या हुशार मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात मुलांना सहलीला नेलंत तर ही बोर्डिंगं जरूर दाखवा.

दुसरं टोक नोकरीचं. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो हुकूम. यात तीन गोष्टी नीट वाचण्यासारख्या आहेत, कारण त्याबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते. पहिली, हा हुकूम पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी होता. कामावर असलेल्या कुणाला काढायचं असं त्यात नव्हतं. दुसरी, तो एका जातीसाठी नव्हता. काही पुढारलेल्या जाती सोडून बाकी सर्व त्यात धरल्या होत्या. आणि तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता सादर करायचा होता. म्हणजे हुकूम काढून महाराज थांबले नाहीत, त्याचा हिशेबही मागितला.

गावपातळीवरही तेच. गावचं दप्तर पिढीजात कुलकर्ण्यांकडे असायचं. जमीन कुणाची, देणं किती, हे तेच सांगणार आणि निरक्षर रयतेने मान डोलवायची. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याआधी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! कागद वाचता येणाऱ्या माणसाला फसवणं अवघड असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला.

पण विटाळाची समजूत नुसत्या कागदाने जाते थोडीच? पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचं दुकान काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने घेतलेल्या चहाला विटाळ कोण म्हणणार?

मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वयाची ४८ वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्यांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदाही केला होता. महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका गावाच्या सभेत समतेची चर्चा झाली, तर ती किती लांब जाते बघा!

आता आपलं काम. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा आहेत. तरी बायकांना कारभारातलं काय कळतंय, हे वाक्य पारावर ऐकू येतंच. चौथी-पाचवीच्या मुलांना एक उपक्रम द्या. आपल्या ग्रामपंचायतीत सदस्य किती, त्यात महिला किती, मागच्या ग्रामसभेत कोणकोण बोललं, याचा तक्ता करायला सांगा. पालकांनीही घरी एक करावं. मोबाइलवर एखाद्या समाजाबद्दल काही आलं, तर पुढे पाठवण्याआधी मुलासमोर तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितलं? कधी सांगितलं? कुठे लिहिलेलं आहे? उत्तर मिळालं नाही, तर तो मेसेज तिथेच थांबवावा.

यंदाच्या २६ जूनला भाषणांसोबत मुलांचे हे तक्तेही शाळेच्या भिंतीवर लावूया.