अख्ख्या जगाला कान सांभाळायला शिकवलं, पण स्वतःचा पोरगा कानाच्या दुखण्यानंच गेला

कान दुखायला लागला की आपल्या घरात पहिलं काय होतं? लसणाच्या पाकळ्या टाकून तेल कोमट केलं जातं आणि थेट कानात सोडलं जातं. कान खाजला तर गाडीची चावी, हेअरपिन, काडेपेटीची काडी, जे हाताला लागेल ते आत जातं. आणि पोराचा कान वाहायला लागला, तर मोठा झाला की आपोआप थांबेल म्हणून विषय संपतो.

१८० वर्षांपूर्वी युरोपातही थोड्याफार फरकानं हेच चालायचं. आत काय झालंय ते न बघताच कानात औषधं ओतली जायची. या कारभाराला शिस्त लावणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव होतं, डब्लिनचे डॉक्टर विल्यम वाईल्ड.

आडनाव ओळखीचं वाटलं ना? प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाईल्डचे हे वडील.

विल्यम यांचा जन्म १८१५ चा, आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातला. वडील गावाकडचे डॉक्टर. विल्यम यांनी डब्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि पुढं लंडन, व्हिएन्ना, बर्लिन असं फिरून डोळे आणि कानाच्या आजारांचा अभ्यास केला. डोळ्यांवर तेव्हा बरंच काम झालेलं होतं. कानाकडं मात्र मोठे डॉक्टर फिरकायचे नाहीत. त्यामुळं हा प्रांत भोंदू वैद्यांच्या हातात गेला होता.

१८४१ साली विल्यम डब्लिनला परतले आणि एका जुन्या तबेल्यात गोरगरिबांसाठी दवाखाना सुरू केला. खर्च स्वतःच्या खिशातून. पेशंटची रांग वाढत गेली आणि १८४४ मध्ये त्याचंच सेंट मार्क्स हॉस्पिटल झालं.

इथं हजारो कान बघितल्यावर १८५३ साली त्यांनी कानाच्या आजारांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा अगदी साधा होता. आधी कानात नीट बघा, आजार नेमका कुठल्या भागात आहे ते ठरवा आणि मगच औषध द्या. बघायचं कसं? तर शंकूच्या आकाराची नळी कानात धरायची आणि उजेड आत पाडायचा. पाळी, बाहेरची नळी, पडदा, मधला कान, असं एकेका भागाचं दुखणं त्यांनी वेगवेगळं मांडलं.

आता तुम्ही म्हणाल, कान तो कान, त्यात भाग कसले? तर गंमत इथंच आहे.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी म्हणजे बाह्य कान. पोहताना किंवा पावसात तिथं पाणी राहिलं, काडी घालून आतली नाजूक कातडी खरचटली, की जंतू किंवा बुरशी वाढते. मग खाज, सूज आणि ठणका. पाळी ओढली किंवा कानाच्या पुढची छोटी उंचवटी दाबली तरी कळ येते, ही याची खूण. डॉक्टर नळी साफ करून योग्य थेंब देतात, कान कोरडा ठेवायला सांगतात आणि बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आराम पडतो.

पण पडद्याला भोक पडून मधल्या कानातून पू येत असेल, तर मामला गंभीर असतो. तिथून मेंदू फार लांब नाही. वाहणारा कान पुढं जाऊन जिवावर उठू शकतो, म्हणून तो तसाच सोडू नका, हे विल्यम यांनी बजावून ठेवलं होतं. कानामागच्या हाडात पू साचला तर तिथं चीर देऊन तो बाहेर काढायची त्यांची पद्धत पुढं त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली.

आयर्लंडच्या जनगणनेसाठी त्यांनी केलेलं कामही मोठं होतं. १८५१ च्या जनगणनेत मूकबधिरांची माहिती गोळा करण्यामागं त्यांचा पुढाकार होता. १८६४ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला आणि १८७६ मध्ये त्यांचं निधन झालं. ऑस्कर तेव्हा २१ वर्षांचा होता, ऑक्सफर्डमध्ये शिकत होता.

पुढं ऑस्करनं नाटकं गाजवली. मात्र समलैंगिक संबंधांवरून १८९५ मध्ये त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्याचा उजवा कान बिघडला. पू येत होता, ऐकू येणं कमी होत चाललं होतं. १८९६ मध्ये त्यानं सरकारकडं केलेल्या अर्जात कानाची ही तक्रारही मांडली होती.

सुटल्यानंतरही दुखण्यानं पाठ सोडली नाही. ऑक्टोबर १९०० मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला आणि ३० नोव्हेंबर १९०० रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी ऑस्कर गेला. त्याला सिफिलिस होता अशी चर्चा बरीच वर्षं चालली, पण २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखात जुनाट कानाचा आजारच मृत्यूचं कारण मानला गेला.

ज्या धोक्याबद्दल वडिलांनी ४७ वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, तोच धोका मुलाच्या वाट्याला आला.

आज अँटिबायोटिक आहेत, दुर्बिणीतून पडदा दिसतो. तरी नियम तेच आहेत. कानात काडी, बड, चावी घालू नका, मळ बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो. अंघोळ किंवा पोहून झालं की मान कलती करून पाणी काढा आणि बाहेरून टॉवेलनं पुसा. पडदा फाटलाय की शाबूत आहे हे माहीत नसताना तेल किंवा कुणाचे उरलेले थेंब टाकू नका. कान वाहत असेल, ऐकू कमी येत असेल, सोबत ताप किंवा चक्कर असेल किंवा कानामागं सूज आली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डायबेटिस असणाऱ्यांनी तर साधा ठणकाही अंगावर काढू नये.

विल्यम यांचं हॉस्पिटल १८९७ मध्ये दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये विलीन झालं आणि त्यातून रॉयल व्हिक्टोरिया आय अँड इअर हॉस्पिटल उभं राहिलं. तबेल्यातून सुरू झालेलं ते काम डब्लिनमध्ये आजही सुरू आहे.