दूरचित्रवाणीचे आद्य प्रवर्तक जॉन लोगी बेअर्ड

कापडाच्या व्यवसायातील माणसाने दूरचित्रवाणीच्या संशोधकाविषयी लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जॉन लोगी बेअर्ड या नावाने माझे लक्ष प्रथम वेधले, ते दूरचित्रवाणीमुळे नव्हे, तर मोज्यांमुळे. ज्या माणसाने जगाला प्रथम सजीव मानवी चेहरा दूरवर दाखविला, तो त्याआधी मोज्यांचा व्यापारी होता, हे वाचनात आले आणि त्यांच्या चरित्राची गोडी लागली.

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधील हेलन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटे. बालपणीच्या गंभीर आजारपणाने त्यांची प्रकृती जन्मभर नाजूक राहिली. सर्दी, खोकला आणि गार पडणारी पावले ही त्यांची कायमची सोबत. वृत्ती मात्र धडपडी होती. शाळकरी वयात त्यांनी आपल्या घरातून रस्त्यापलीकडील मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून दूरध्वनीची जोडणी केली होती. पुढे ग्लासगो येथील तंत्रमहाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथील विद्यापीठातही त्यांनी प्रवेश घेतला, पण पहिले महायुद्ध आले आणि पदवी अपुरीच राहिली. प्रकृतीमुळे सैन्याने नाकारले, तेव्हा त्यांनी एका वीज कंपनीत नोकरी धरली. तेथे एकदा कृत्रिम हिरा तयार करण्याच्या नादात त्यांनी कार्बनच्या कांडीतून एवढा प्रचंड प्रवाह सोडला की, शहराच्या एका भागाचा वीजपुरवठाच खंडित झाला. हिरा काही हाती लागला नाही आणि वरिष्ठांची मर्जी मात्र गेली.

नोकरीत असतानाच त्यांनी मोज्यांचा व्यापार सुरू केला. नेहमीच्या मोज्याच्या आत घालावयाचा, टाकणखाराची पूड लावलेला, पाय कोरडा व उबदार ठेवणारा असा तो मोजा होता. स्वतःच्या गार पावलांतून सुचलेली ही वस्तू. ग्लासगोच्या रस्त्यांवरून, अंगावर पुढे-मागे जाहिरातीचे फलक अडकविलेल्या स्त्रिया त्यांनी फिरविल्या. त्या काळी हे इतके नवीन होते की वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली. माल खपला, नफा झाला. मोज्यांनी जे दिले ते त्यांच्या विद्युत अभियांत्रिकीने कधीच दिले नव्हते. प्रकृतीने साथ दिली असती, तर बेअर्ड हे एक यशस्वी होजिअरी व्यापारी म्हणून निवृत्त झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परंतु आजारपणाने धंदा आवरता घ्यावा लागला आणि उबदार हवेच्या शोधात ते वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर गेले. तेथे फळे व साखर स्वस्त, म्हणून जॅम बनविण्याचा कारखाना काढला. उकळत्या साखरेच्या वासाने कीटकांचे थवेच्या थवे कढईत येऊन पडू लागले. आपल्या वाचकांस तर हे वाचूनच शहारे येतील. तो उद्योग बुडाला. लंडनला परतल्यावर साबणाचा व्यापार केला, तो बऱ्यापैकी चालला, पण प्रकृती पुन्हा ढासळली. अखेरीस १९२३ च्या सुमारास, वयाच्या पस्तिशीच्या उंबरठ्यावर, हाती थोडी शिल्लक आणि पुढे कोणताही निश्चित मार्ग नाही अशा अवस्थेत ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी हवापालटासाठी राहिले. दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा आरंभ येथे होतो.

दूरवर चित्र पाठविण्याची कल्पना नवी नव्हती. जर्मनीच्या पॉल निपको यांनी १८८४ मध्येच त्यासाठी एका फिरत्या चकतीचे पेटंट घेतले होते. चकतीवर सर्पिल आकारात छिद्रे पाडलेली असतात. चकती फिरू लागली की एकेक छिद्र समोरील दृश्यावरून एकेक रेषा पुसत जाते. त्या रेषेवरील उजेड व अंधार प्रकाशघटावर पडतो आणि विजेच्या चढ-उतारात बदलतो. दुसऱ्या टोकाला तशीच चकती त्याच गतीने फिरवून, त्या चढ-उतारानुसार दिवा लहान-मोठा केला की रेषांची पुन्हा जुळणी होऊन चित्र दिसते. कागदावर हे सोपे होते, पण प्रत्यक्षात कोणालाही समाधानकारकरीत्या साधले नव्हते. बेअर्ड यांनी टोपी ठेवण्याची पेटी, रफूच्या सुया, चहाचे रिकामे खोके, सायकलच्या दिव्यांची भिंगे, लाख आणि सरस यांच्या साहाय्याने यंत्र उभे केले. १९२४ च्या आरंभी छायाकृती दिसू लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना हजार व्होल्टहून अधिक दाबाचा विजेचा धक्का बसला. हात भाजण्यावर निभावले, परंतु घरमालकाने जागा सोडावयास सांगितली. मग लंडनमधील सोहो भागात, २२ फ्रिथ स्ट्रीट येथे, माळ्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड हलविले.

प्रखर दिव्यांच्या उष्णतेत माणूस फार वेळ बसू शकत नसे. म्हणून प्रयोगासाठी एक शब्दभ्रमकाराची बाहुली आणली होती. आपल्याकडील अर्धवटरावाच्या जातीची ही बाहुली, तिचे नाव स्टूकी बिल. २ ऑक्टोबर १९२५ रोजी तिचा चेहरा डोळे, नाक आणि उजेड-सावलीच्या छटांसह पडद्यावर उमटला. बेअर्ड धावतच खालच्या मजल्यावरील कार्यालयात गेले आणि विल्यम टेंटन नावाच्या तरुण नोकराला घेऊन आले. दिव्यांच्या धगीत बसण्याबद्दल त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवण्यात आला. दूरचित्रवाणीवर दिसलेला तो पहिला मनुष्य, आणि त्याला दिलेले ते मानधन म्हणावयास हरकत नाही. योगायोग असा की, आपले मुंबई दूरदर्शन केंद्रही २ ऑक्टोबरलाच, १९७२ साली सुरू झाले. पुढे २६ जानेवारी १९२६ रोजी, म्हणजे ज्या तारखेला आज आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो त्या दिवशी, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना आणि टाइम्सच्या वार्ताहराला बेअर्ड यांनी आपले यंत्र दाखविले. मोठी माणसे चाळीसारख्या त्या इमारतीचा अरुंद जिना चढून, थोडी-थोडी करून, आत जात होती.

यानंतरची तीन वर्षे त्यांच्या आयुष्यातील भरभराटीची ठरली. १९२७ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून लंडनहून ४३८ मैलांवरील ग्लासगोला चित्र गेले. फेब्रुवारी १९२८ मध्ये रेडिओलहरींवरून ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचले. त्याच वर्षी जुलैत रंगीत चित्राचेही प्रात्यक्षिक झाले. ३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. प्रक्षेपक एकच, त्यामुळे प्रथम चित्र दिसे आणि नंतर आवाज येई. दोन्ही एकाच वेळी येण्यासाठी मार्च १९३० उजाडावे लागले. चित्र अवघ्या ३० रेषांचे, सेकंदाला साडेबारा वेळा बदलणारे, आकाराने खिशातील पाकिटाएवढे. तरीही लोक त्यासमोर डोळे लावून बसत.

मात्र संशोधन भांडवल मागते आणि भांडवल भागीदार मागते. कंपनी सार्वजनिक झाली, भाग विकले गेले आणि १९३२ मध्ये तिची सूत्रे गोमाँ-ब्रिटिश या चित्रपट कंपनीकडे गेली. ज्या पेढीवर आपले नाव आहे तेथेच आपले मत विचारले जात नाही, ही अवस्था व्यापाऱ्यास समजावून सांगावी लागत नाही. दरम्यान ईएमआय कंपनीच्या अभियंत्यांनी फिरती चकती बाजूला सारून पूर्णतः इलेक्ट्रॉनिक कॅमेरा विकसित केला होता. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हा दोन्ही पद्धतींना आलटून पालटून संधी देण्यात आली. बेअर्ड कंपनीची चित्रे २४० रेषांची, मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. बेअर्ड पद्धतीत प्रथम फिल्मवर चित्रीकरण करावयाचे, ती फिल्म एका मिनिटाच्या आत धुवावयाची आणि ओली असतानाच तिचे चित्र पाठवावयाचे, असा खटाटोप होता. कॅमेरा जागचा हलत नसे. स्पर्धा विषम होती हे मान्य करावयास हवे. त्यातच ३० नोव्हेंबरच्या रात्री क्रिस्टल पॅलेसला आग लागली व तेथील बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेचा बराच भाग भस्मसात झाला. १९३७ च्या आरंभी बीबीसीने केवळ मार्कोनी-ईएमआयची पद्धत ठेवली. दुसरे महायुद्ध सुरू होताच प्रक्षेपण बंद पडले आणि कंपनीही बुडाली.

बेअर्ड यांनी मात्र काम थांबविले नाही. १९३१ मध्ये त्यांचा विवाह दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या पियानोवादक मार्गारेट अल्बू यांच्याशी झाला होता व त्यांना एक कन्या आणि एक पुत्र होते. संसार सांभाळून, बॉम्बवर्षावात, स्वतःच्या शिलकीतून पैसा घालून त्यांनी रंगीत दूरचित्रवाणीवर संशोधन चालविले. १६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी संपूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धतीची रंगीत चित्रनलिका लोकांपुढे ठेवली. ज्यांना केवळ फिरत्या चकतीचा माणूस म्हणून हिणविले जाते, त्यांचे हे काम फारसे कोणी सांगत नाही. १४ जून १९४६ रोजी बेक्सहिल येथे, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. युद्धकाळात बंद पडलेली बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा बरोबर एक आठवडा आधी, ७ जूनला, पुन्हा सुरू झाली होती. हेलन्सबर्ग येथे आई-वडिलांशेजारी त्यांचे दफन झाले.

येथे चरित्र संपावयास हवे. परंतु त्यांच्या एका फसलेल्या प्रयोगाची हकिकत सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

३० रेषांच्या चित्राचा विद्युत संकेत इतका मंद असे की तो ध्वनिवर्धकातून कानांनी ऐकता येई. जे ऐकू येते ते ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरताही येईल, असा विचार करून बेअर्ड यांनी १९२६ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १९२७-२८ मध्ये मेणावर कोरून तबकड्या तयार केल्या. या पद्धतीला त्यांनी फोनोव्हिजन असे नाव दिले. त्यासाठी गती सेकंदाला सुमारे चार चित्रांपर्यंत खाली आणली होती. पण तबकडीवरून पुन्हा पाहण्याजोगे चित्र काढणे त्यांना साधले नाही. कोरणारे यंत्र आणि फिरती चकती परस्परांना जोडलेली असल्याने कंपने होत, गती कमी-जास्त होई आणि रेषा जागच्या सरकत. तो प्रयोग त्यांनी सोडून दिला. थेट प्रक्षेपण नोंदवून ठेवण्याचे साधन बीबीसीपाशीही त्या काळी नव्हते. त्यामुळे ३० रेषांचे बीबीसीचे शेकडो कार्यक्रम झाले तसे हवेत विरून गेले. काही तबकड्या मात्र लोकांच्या कपाटांत आणि संग्रहांत पडून राहिल्या.

१९८१ पासून डोनाल्ड मॅकलीन या स्कॉटिश अभियंत्याने त्या तबकड्यांचा मागोवा घेतला. तबकडीवरील आवाज उतरवून त्याने संगणकात आकड्यांच्या रूपाने भरला. पहिल्यांदा पडद्यावर आले ते वाकडेतिकडे पट्टे. जणू तीस धाग्यांची नाडी विणताना प्रत्येक धागा निरनिराळ्या अंतराने सरकला असावा. मॅकलीन यांनी प्रत्येक रेषा कोठे सुरू होते हे मोजले, ती तिच्या जागी सरकविली, कंपनांचा ठरावीक ठेका शोधून वजा केला, खरखर दूर केली. विशेष म्हणजे त्या दोषांच्या अभ्यासावरूनच बेअर्ड यांच्या प्रयोगशाळेतील यंत्रे परस्परांना कशी जोडलेली होती, हेही त्यांना ताडता आले. नवे काही रेखाटले नाही, खोडसाळ सुधारणा केली नाही. जे कोरलेले होते तेवढेच नीट लावले. २० सप्टेंबर १९२७ च्या तबकडीतून स्टूकी बिल पुन्हा दिसू लागला. दूरचित्रवाणीची आज उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी मुद्रित नोंद होय.

पुढे आणखी एक तबकडी मिळाली. २१ एप्रिल १९३३ रोजी बीबीसीने दाखविलेला नृत्यसंगीताचा एक कार्यक्रम कोणा हौशी प्रेक्षकाने घरीच अॅल्युमिनियमच्या तबकडीवर उतरवून ठेवला होता. तीवर नाचणाऱ्या मुलींची रांग हातपाय उडवीत पुढे येते, आणि त्या ३० रेषांतही त्यांची लय चुकलेली नाही हे स्पष्ट कळते.

फोनोव्हिजनच्या तबकड्यांत मार्च १९२८ ची एक आहे. तीवर एक तरुणी दिव्यांसमोर बसलेली आहे. ती डावीकडे पाहते, उजवीकडे पाहते, किंचित हसते, तोंड हलवून काहीतरी बोलते. आवाज नोंदविलेला नाही. बेअर्ड यांनी तिचे हे चित्र कोरले, पण तबकडीवरून ते त्यांना कधी धडपणे पाहता आले नाही.