लाल टाइपरायटरचा जनक : एत्तोरे सोत्सास

टाइपरायटर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कचेरीतले काळे, वजनदार यंत्र उभे राहते. त्याला लालभडक रंग देऊन, बादलीसारख्या पेटीत घालून, हातात लटकवत बागेत नेता येईल असे करणारा एक अवलिया इटलीत होऊन गेला. त्याचे नाव एत्तोरे सोत्सास.

त्याचा जन्म १९१७ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाला. वडील वास्तुशिल्पी. मुलानेही ट्यूरिन येथून १९३९ मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतली. पण लगेच महायुद्ध आले आणि ऐन तारुण्याची काही वर्षे सैन्यात व युगोस्लाव्हियातील बंदिवासात गेली. १९४७ साली त्याने मिलानमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले.

१९५८ पासून तो ऑलिव्हेटी कंपनीसाठी काम करू लागला. तेथे ‘एलिया ९००३’ या संगणकाला त्याने रूप दिले. संगणक त्या काळी खोलीभर पसरत. सोत्सासने कपाटांची उंची बेताची ठेवली, का, तर काम करणाऱ्या माणसांना एकमेकांचे चेहरे दिसावेत! यंत्राआधी माणूस पाहण्याची ही दृष्टी मला त्याच्या साऱ्या रंगांहून मोलाची वाटते.

आपल्या देशाशीही त्याचा संबंध आला. १९६१ मध्ये तो भारतात हिंडला. परतल्यावर मात्र असा आजारी पडला की जगण्याची आशा उरली नाही. रॉबेर्तो ऑलिव्हेटीने मालक असूनही मित्राप्रमाणे धावून जाऊन त्याला उपचारासाठी अमेरिकेत पाठविले. तो वाचला. त्या दुखण्याच्या काळोखातून १९६३ ची गडद रंगाची मातीची भांडी जन्मली, आणि पुढच्या वर्षी शिवाला अर्पण केलेल्या थाळ्या.

१९६९ मध्ये पेरी किंग या सहकाऱ्यासह त्याने ‘व्हॅलेंटाइन’ हा लाल टाइपरायटर घडविला. तो अगदी स्वस्त असावा, ही त्याची इच्छा कंपनीने पुरी केली नाही. यंत्राचे कौतुक फार झाले, खप बेताचाच.

साठी उलटल्यावर माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात. याने १९८१ मध्ये तरुण पोरे जमवून ‘मेम्फिस’ हा गट उभारला! त्याचे ‘कार्लटन’ हे पुस्तकांचे कपाट पाहा : तिरक्या फळ्या, रंगीबेरंगी कप्पे, जणू हात पसरून उभा असलेला माणूस. वर चिकटविलेला प्लॅस्टिकचा पत्रा चहाच्या दुकानातील टेबलावर असतो तोच. जाणकारांनी नाके मुरडली. उत्तर-आधुनिक म्हणून पुढे याच शैलीचा बोलबाला झाला. हा बोलबालाच त्याला मानवला नसावा. १९८५ मध्ये तो गटातून बाहेर पडला व पुन्हा घरे बांधण्याकडे वळला.

३१ डिसेंबर २००७ रोजी मिलानमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला. आणि गंमत पाहा, गायक डेव्हिड बोवी याच्या संग्रहातील ‘व्हॅलेंटाइन’ २०१६ च्या लंडन येथील लिलावात पंचेचाळीस हजार पौंडांना गेला.