युद्ध कशासाठी, हे विचारणारे बाबासाहेब

परभणीतल्या आमच्या विहारात रविवारची बुद्धवंदना आटोपली, की पोरं पायऱ्यांवर बसतात आणि खिशातून मोबाइल निघतात. कधी युक्रेन, कधी गाझा. कोसळलेल्या इमारती, धूर, टाहो फोडणारी आई. कोणी म्हणतो, बरोबरच केलं. कोणी म्हणतो, हा व्हिडिओच खोटा आहे. हजारो मैलांवरच्या युद्धात कोण खरा आणि कोण खोटा, याचा निकाल दोन मिनिटांत लागतो आणि तिसऱ्या मिनिटाला तो पुढे पाठवलाही जातो. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच शहरात, रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा डोळ्यांसमोर घडलेल्या एका घटनेच्या किती तऱ्हा फोनवर फिरल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिले. तरीही परदेशातल्या युद्धाची बातमी आली, की तो अनुभव आपण विसरून जातो. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या वेळी एका वेगळ्या बाजूने सांगावे, असे आम्हाला वाटले. युद्ध चालू असताना त्या युद्धाबद्दल जे सांगितले जाते, ते हा माणूस कसे ऐकत होता, ही ती बाजू.

भीमराव जन्मले तेच मुळी छावणीत. १४ एप्रिल १८९१, महू. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत शिक्षक. घरात शिस्त, वाचन आणि पलटणीचा अभिमान. पण त्याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बळावर पेशवाईशी लढाई झाली, तेच आता लढाऊ जातींच्या यादीत बसेनात. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. सरकारला शौर्य कधी दिसते आणि कधी दिसत नाही, हा धडा बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोचले. वर्षभरातच युरोपात आग लागली. अमेरिका तेव्हा युद्धाबाहेर होती आणि म्हणूनच तिला आपल्या बाजूला ओढण्यासाठी इंग्लंड आणि जर्मनी दोघेही छापील कागदाचा पाऊस पाडत होते. इंग्लंडने तर सप्टेंबर १९१४ मध्येच लेखक-संपादकांना हाताशी धरून गुप्त प्रचार कचेरी उघडली होती. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला आले, ते थेट युद्धात असलेल्या शहरात. तिथे सक्तीची लष्करभरती लागू झाली होती. १९१७ च्या एप्रिलमध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांनी छापले, की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते उकळून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात. जग हादरले. ही गोष्ट निराधार होती, याची कबुली ब्रिटिश संसदेत यायला १९२५ साल उजाडले. आठ वर्षे! तोवर त्या बातमीने आपले काम केव्हाच उरकले होते.

आता आपल्याकडचे पाहा. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाने इंग्रजांना या युद्धासाठी सढळ हाताने पैसा दिला, त्यांच्या हवाई दलातल्या एका तुकडीला विमाने दिली. ती तुकडी हैदराबादच्याच नावाने ओळखली गेली. त्या तिजोरीत गोदाकाठच्या शेतसाऱ्याचाही पैसा होताच. बदल्यात निजामाला मोठा किताब मिळाला. गंगाखेड-पाथरीच्या शेतकऱ्याला हे युद्ध कोणाशी आणि कशासाठी, ते कोणी विचारायला गेले नव्हते.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात बाबासाहेबांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. स्वतः एका बोटीने निघाले, सामान दुसऱ्या बोटीने पाठवले. सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली पुस्तके तिच्याबरोबर समुद्रात गेली. २१ ऑगस्टला ते मुंबईत उतरले. पुढच्याच महिन्यात बडोद्याला महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले आणि तिथे काय झाले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कार्यालयातले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. युरोपातले युद्ध स्वातंत्र्यासाठी आणि संस्कृतीसाठी चालले आहे, असे त्याच दिवसांत सगळीकडे सांगितले जात होते.

१९१८ मध्ये त्यांनी भारतीय अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर लेख लिहिला. आमच्या मते बाबासाहेबांच्या लहान लेखांपैकी हा सर्वांत दुर्लक्षित आणि आज सर्वांत उपयोगी लेख आहे. रसेल हे युद्धविरोधी. त्यासाठी त्यांना दंड झाला, केंब्रिजमधली नोकरी गेली आणि पुढे सहा महिने तुरुंगवासही झाला. एखाद्या साध्या परीक्षकाने त्यांची वाहवा केली असती किंवा त्यांना शिव्या घातल्या असत्या. बाबासाहेबांनी वेगळेच केले. त्यांना धोका दिसला तो आपल्या देशातल्या वाचकाचा. पाश्चात्त्य माणूस युद्धाला कंटाळला, म्हणजे आमची जुनी निवृत्ती, आमचे हातावर हात ठेवून बसणे हेच श्रेष्ठ ठरले, असा अर्थ इथले लोक काढतील, हे त्यांनी ओळखले आणि तो अर्थ खोडून काढला. रसेल युद्धाविरुद्ध आहेत, पण निष्क्रियतेच्या बाजूने नाहीत, हे त्यांनी दाखवले. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्याकडून घेतलेला भेद त्यांनी इथे वापरला. शक्ती विधायक कामाला लावली तर ते बळ, नासधूस करायला लावली तर ती हिंसा. लेखक तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा मात्र प्रश्न अधिक अवघड झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारताला कोणालाही न विचारता युद्धात ओढले. काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. बाबासाहेब मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. इंग्रजांच्या या मनमानीबद्दल त्यांना प्रेम नव्हते. पण समोर हिटलर होता आणि हिटलर जिंकला तर जगात काय टिकणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. वंशाच्या नावावर माणसाला माणूस न मानणारी व्यवस्था कशी असते, हे अस्पृश्याला जर्मनीला जाऊन पाहायची गरज नव्हती. ज्यूंविरुद्धची नाझींची विचारसरणी आणि अस्पृश्यांविरुद्धचा सनातनीपणा यांत विचाराने आणि परिणामाने फरक नाही, हे त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. ते राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, त्यांनी आपल्या तरुणांना भरती होण्यास सांगितले आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार पलटण पुन्हा उभी राहिली.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी मुंबई आकाशवाणीवरून भारतीय कामगार हे युद्ध जिंकायचेच असे का म्हणतो, यावर भाषण केले. म्हणजे बाबासाहेबही सरकारी प्रचारकच झाले की, असे कोणी म्हणेल. काहींनी तेव्हा म्हटलेही. सरकारचा मंत्री सरकारी रेडिओवरून युद्धाच्या बाजूने बोलला, तर तो प्रचार नव्हता असे आम्हीही म्हणणार नाही. पण ते भाषण काढून वाचावे. त्यात राजा, साम्राज्य, निष्ठा यांचा जयघोष नाही. कामगाराला या युद्धातून काय हवे, याची त्यात मागणी आहे. हे युद्ध मुलूख वाटून घेण्यापुरते असेल तर कामगाराला त्यात रस नाही. त्याला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हवी. राष्ट्रवाद म्हणजे जुन्या काळाची पूजा असेल तर तो त्याला नको. नुसते परके राज्य जाऊन भागणार नाही, आपले राज्य आल्यावर ते कोणाचे असेल, हेही ठरायला हवे. शांततावाद्यांनाही त्यांनी सोडले नाही. लढायला नकार देऊन युद्ध संपत नाही, ते जिंकून आणि न्याय्य तह करून संपवावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी प्रचाराच्या माध्यमातून सरकारलाच अटी घालण्याचा हा प्रकार होता.

त्याच डिसेंबरात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युद्धानंतर जग कसे असावे, यावर तिथे चर्चा होणार होती. बाबासाहेबांनी तिच्यासाठी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध पाठवला. जगाच्या स्वातंत्र्याची बोलणी चालली असताना भारतातल्या कोट्यवधी माणसांचा प्रश्न त्या बोलण्यांत येतो की नाही, हेच त्यांना तपासायचे होते. अटलांटिक सनदेतली स्वयंनिर्णयाची भाषा भारताला लागू नाही, हे चर्चिल यांनी १९४१ मध्येच सांगून टाकले होते. दुसऱ्या बाजूला परदेशी वाचकाला काँग्रेसचाच आवाज भारताचा आवाज म्हणून ऐकवला जात होता. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी परदेशी माणसाला उद्देशून एक अख्खे प्रकरण लिहिले, ते याच कारणाने. गोड प्रचाराला भुलून स्वातंत्र्याच्या नावाखाली वरच्या वर्गाची सत्ता पक्की करू नका, असा त्याचा आशय.

निजामाच्या राज्यात १९४७-४८ मध्ये रझाकारांनी दलितांना आपल्याकडे वळवायचा जोरदार प्रयत्न केला. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून हैदराबाद संस्थानातल्या अनुसूचित जातींना बजावले, की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी कुटुंबांचा प्रश्न त्या निवेदनात होता.

स्वतंत्र भारताचे परराष्ट्र धोरण त्यांना पटले नाही, हे सर्वश्रुत आहे. १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना त्यांनी जे निवेदन केले, त्यात हिशेब होता. वर्षाच्या ३५० कोटी रुपयांच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला मित्रच उरले नाहीत. पण बौद्ध वाचकाने मुद्दाम वाचावे ते २६ ऑगस्ट १९५४ चे राज्यसभेतले भाषण. एप्रिलमध्ये भारत-चीन करार झाला होता आणि पंचशील हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. आपल्या धम्मातला शब्द राजकारणात मिरवला जातो आहे, म्हणून एखादा बौद्ध हुरळून गेला असता. बाबासाहेब हुरळले नाहीत. पंचशील हा बुद्धधम्माचा भाग आहे, आणि माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असे त्यांनी सभागृहात सांगितले. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपणच चीनची सीमा आपल्या दारापर्यंत आणली, हेही सुनावले. त्यांचा पाश्चात्त्य गटाकडचा कल सगळ्यांना मान्य व्हावा असे नाही. आमच्यातही त्यावर दोन मते आहेत. मात्र पवित्र शब्द दिसला की आत काय आहे ते उघडून पाहायचे, ही सवय कोणत्याही गटाची नाही.

मग अहिंसेचे काय? पंचशील घेतलेला माणूस पलटण उभी करतो कशी? याचे उत्तर त्यांनी बुद्धापाशीच शोधले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज, यांत बुद्धाने भेद केला आहे, असे त्यांनी मांडले. वैशालीच्या सेनापतीने बुद्धाला हाच प्रश्न विचारला होता, त्या कथेचा आधार त्यांनी दिला. न्यायासाठी बळ वापरावे लागले तर बुद्धाची त्याला मनाई नाही. फक्त ते न्यायासाठीच आहे, हे आधी तपासले पाहिजे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाच बदलली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडतो, हे त्यांना पटले नाही. धर्मानंद कोसंबींनीही ते आधीच नाकारले होते. बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलियांचा तंटा मध्यभागी आणला. सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ उठून म्हणतो, की आधी चौकशी करा, आपलीही चूक असेल. दोन्हीकडची दोन-दोन माणसे नेमा, त्यांनी पाचवा निवडावा. ठराव बहुमताने पास होतो. विरोध करणाऱ्याला देहदंड किंवा देशत्याग, घरच्यांवर बहिष्कार, जमिनीची जप्ती. सिद्धार्थ घर सोडतो.

गेल्या वर्षावासात हा भाग वाचला जात होता, तेव्हा विहारातली मंडळी एकदम सरसावून बसली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाकडे राहणाऱ्यांना पाण्याचा तंटा समजावून सांगावा लागत नाही. मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, मग ती लढाई झाली का?

झाली नाही. ग्रंथात पुढे पाच परिव्राजक सिद्धार्थाला येऊन बातमी देतात, की तू गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली, लोक रस्त्यावर आले, दोन्हीकडून माणसे नेमली गेली आणि तंटा मिटला. तू आता घरी परत ये. सिद्धार्थ विचारात पडतो. राष्ट्राराष्ट्रांमधली भांडणे अधूनमधून होतात, पण वर्गावर्गांमधला संघर्ष सतत चालू असतो, हे त्याच्या ध्यानात येते, आणि तो परत जात नाही. ते पान वाचून झाल्यावर पायऱ्यांवरच्या पोरांनी त्या रविवारी बराच वेळ मोबाइल काढला नाही. आजींशी वाद घालत बसली, की युद्ध मिटल्यावर तरी त्याने घरी जायला काय हरकत होती.