पंडिता रमाबाई : उघड्या दाराची प्रार्थना

आसामातील सिल्चर या गावी बिपिनबिहारी मेधावी नावाचे एक बंगाली वकील वास्तव्यास होते. त्यांच्या घरातल्या पुस्तकांत एके दिवशी त्यांच्या पत्नीच्या हाती बंगाली भाषेतील एक छोटी पुस्तिका लागली. ती लूककृत शुभवर्तमानाची प्रत होती. ती तेथे कशी आली, कोणी आणून ठेवली, याचा बाईंना पत्ता नव्हता. त्यांनी ती वाचली आणि पुन्हा पुन्हा वाचली. घरातील ग्रंथसंग्रहात निनावी येऊन पडलेल्या एखाद्या पुस्तकाने वाचणाऱ्याच्या आयुष्याची दिशा पालटावी, अशी उदाहरणे आपल्या वाङ्मयीन इतिहासात फार नाहीत. त्या वाचक स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई सरस्वती.

हा पालट मात्र एका दिवसात घडलेला नाही. आपण कशासाठी जन्मलो आहोत, या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना टप्प्याटप्प्याने, आणि बहुतेक वेळा भारी मोल देऊन मिळाले.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळ येथील अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि व्युत्पन्न पंडित होते. पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि त्यांनी तो शास्त्राधारे दिला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवले. पहाटे आई जागी करी आणि पाठ सुरू होत असे. लहान वयातच रमाबाईंना भागवत मुखोद्गत झाले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत, देवळांतून पुराण सांगत उपजीविका करीत असे. पुराणिकाच्या पदरी पडेल त्यातून दानधर्म होई, व्रते होत, अनुष्ठाने होत.

पुढे दुष्काळ आला. गाठीचे द्रव्य संपले. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, अशा अवस्थेत हे सुविद्य कुटुंब उपाशी राहू लागले. १८७४ मध्ये आधी वडील आणि थोड्याच अवधीत आई गेली. पाठोपाठ थोरल्या बहिणीचाही अंत झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास उरले. दोघांनी पायी हजारो मैल भारत तुडवला. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून, केवळ डोके उघडे ठेवून ती भावंडे निजली. या काळात त्यांनी सांगितलेली सर्व व्रते केली, देवतांची आराधना केली, आणि अखेर दोघांच्याही मनातून तो विश्वास ओसरला. कोणाही भाविकाला हे वाचताना त्रास होईल. पण रमाबाईंच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना हा उपास विसरता येत नाही. प्रार्थना म्हणजे फलासाठी केलेले कर्म, एवढीच ओळख त्यांना तोवर होती, आणि त्या व्यवहारात त्यांच्या हाती काही आले नव्हते.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ख्रिस्ती उपासना त्यांनी प्रथम पाहिली तीही तेथेच. एका मेळाव्यात मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे या भावंडांना वाटले! ज्यांच्या नावाशी पुढे प्रार्थना हा शब्द कायमचा जोडला गेला, त्या रमाबाईंचा ख्रिस्ती प्रार्थनेशी पहिला परिचय हा असा झाला. संस्कृत बायबलची एक प्रत त्या वेळी त्यांना भेट मिळाली. तिची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृतापेक्षा इतकी वेगळी होती की, ती वाचण्यात त्यांचे मन रमले नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारींशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात, प्रांत, भाषा सारेच भिन्न होते. सिल्चरच्या त्या पुस्तिकेनंतर तेथील एका मिशनऱ्याकडून त्यांनी अधिक समजून घेतले. ख्रिस्ती व्हावे असे त्यांना वाटू लागले. पतीला ते रुचले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. एकोणीस महिन्यांचा संसार संपला, आणि कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यातील आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हा सर्व इतिहास सुपरिचित आहे. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे एका ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. रमाबाईंना कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यक शिकण्याचा बेत सोडावा लागला. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला तेच काम हातून निसटले होते.

याच सुमारास भगिनीसंघाने त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे पाठवले. तेथे समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनी एक गृह चालवीत. अशा स्त्रियांची कोणी मायेने शुश्रूषा करतो, त्यांना पुन्हा माणसात आणतो, हे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. त्यांनी कारण विचारले. एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेल्या, लोकांनी नावे ठेवलेल्या त्या बाईशी येशू अगत्याने बोलतो आणि तिला तुच्छ लेखत नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला जाऊन भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. फुलहॅमला जे पाहिले ते आपल्या देशातील स्त्रियांसाठी करावे, हा विचार मात्र तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला.

धर्म स्वीकारला म्हणजे बुद्धी गहाण टाकली, असे रमाबाईंनी कधी मानले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सर्व विषयांवर खडाजंगी झाली. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा एक प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. वाँटेजच्या भगिनींना ही शिष्या अवघड वाटली असल्यास नवल नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले व व्याख्याने दिली. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले, मात्र विधवांसाठी निघणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण असू नये, हे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या त्याच. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे धुरीण सल्लागार मंडळात होते.

वादळ उठले ते प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह रोज प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, आणि उठूनही लावले नाही. मुलींना आपापल्या धर्माचे आचार पाळण्याची पूर्ण मुभा सदनात होतीच. मग आईसारख्या वाटणाऱ्या बाईंच्या खोलीत येण्यास तेवढी बंदी का, असा रमाबाईंचा विचार होता. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात रमाबाईंचा कैवार घेणे आज सोपे आहे. परंतु ज्या पालकांनी लोकनिंदा सोसून विधवा मुलीला शाळेत पाठवले होते, त्यांना तटस्थतेचे वचन मिळालेले होते. कोवळ्या, निराधार मुलीच्या मनावर उघड्या दाराचाही प्रभाव पडतो, हा त्यांचा आक्षेप निव्वळ दुराग्रह म्हणून बाजूला सारता येत नाही. रानडे-भांडारकरांची अडचण खरी होती आणि रमाबाईंचीही खरी होती. दार लावून घेतले असते तर संस्था बहुधा शांतपणे चालली असती, पण स्वतःच्या घरात आपली श्रद्धा चोरून पाळण्याची वेळ त्यांच्यावर आली असती. ते त्यांना मान्य नव्हते.

बाहेर हे घडत असताना त्यांच्या अंतरंगातही उलथापालथ चालू होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त आपल्याला अद्याप भेटलेला नाही, ही जाणीव १८९१ च्या सुमारास त्यांना अस्वस्थ करू लागली. या वेळीही निमित्त एका पुस्तकाचेच. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाला दीक्षा घेतल्यावर अनेक वर्षांनी, स्वतःच प्रवचन करीत असता, श्रद्धेचा खरा अनुभव आला होता. त्यांचे आत्मकथन वाचून रमाबाईंना आपले दुखणे कळले. पुढे जॉर्ज म्युलर यांची अनाथालये, चीनमधील मिशनकार्य आणि जॉन पेटन यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. माणसांपुढे हात न पसरता केवळ ईश्वराकडे मागून एवढी कामे उभी राहतात, तर हे भारतात का होऊ नये, हा प्रश्न त्यांना पडला.

१८९६ मध्ये लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचे एक शिबिर भरले होते. श्रद्धावान झालेल्या पंधरा मुली घेऊन रमाबाई तेथे गेल्या. एका पहाटे त्या एकांतात रानात जाऊन बसल्या आणि सूर्योदयाच्या वेळी त्यांनी मागणे मागितले : या पंधरांचा वर्ग व्हावा, पंधरांच्या २२५ व्हाव्यात. सदनातील जागा पाहता ही मागणी अव्यवहार्यच होती. पंडितेच्या प्रार्थनेतही गणित यावे, हे मोठे मौजेचे आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आईबापांचे उपासमारीचे मरण पाहिलेल्या रमाबाईंना ती बातमी सामान्य बातमीसारखी वाचता येणे शक्य नव्हते. जवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून, दलालांच्या तावडीत सापडण्याच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या आणि तीनशे जणींना आसरा देण्याचा संकल्प केला. तोच पुण्यात प्लेग आला आणि सरकारी अधिकाऱ्यांनी या नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई केली. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन त्यांच्या नावे होती. अमेरिकेतील दहा वर्षांचे साहाय्य संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, या हिशेबाने ती घेतलेली होती. त्या माळावर आता तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९७ साल सरण्यापूर्वी आश्रयास आलेल्यांची संख्या २२५ च्या पुढे गेली होती. फळझाडांसाठी घेतलेल्या जमिनीचे मुक्ती सदन झाले.

लोणावळ्याच्या त्या पहाटेनंतर रमाबाईंचा मार्ग बदलला. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. केडगावला कुणबी, महार, मांग, भिल्ल अशी कोणतीच मुलगी परत गेली नाही. सदनावरचे तटस्थतेचे बंधनही येथे नव्हते. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे दीड हजार जणी राहत होत्या. विहिरी खणल्या गेल्या, हातमाग आले, तेलघाणी, दुभती गुरे, छापखाना आला. अंध मुली ब्रेल शिकल्या. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले काम केडगावच्या माळावर यायला पंधराएक वर्षे लागली होती.

पैशासाठी माणसांकडे न जाण्याचा नेम रमाबाईंनी सांभाळला. तथापि ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे त्यांचे पत्रक परदेशी वाचकांना गरजांची माहिती देत असे, हेही नमूद करावयास हवे. ईश्वराला सांगितलेली गरज भक्तांच्या कानीही जावी, इतपत व्यवहार त्यात होता. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, गात. पाहुण्यांपैकी काही भारावले, काही धास्तावले.

रमाबाईंनी आपले अखेरचे कार्य निवडले ते मात्र शांततेचे. खेड्यातील अर्धशिक्षित बाईलाही समजेल असे बायबल मराठीत नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भागवत पाठ असलेल्या या विदुषीने जाणीवपूर्वक संस्कृतप्रचुर शब्द टाळले आणि घरगुती मराठी पत्करली. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. या काळातच, १९१२ मध्ये, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि ती मनोरमेकडे सोपवली. अमेरिकेत शिकून आलेली ही लेक आपल्यामागे मुक्तीचा कारभार पाहील, अशी त्यांची धारणा होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली.

रमाबाईंनी भाषांतर थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हातचे काम पुरे झालेले होते. दुष्काळात उचलून आणलेल्या, येथेच अक्षर गिरवलेल्या स्त्रियांनी खिळे जुळवले, पाने छापली आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.