साथीच्या काळातील एक इमाम : हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.)



हदीसच्या दर्समध्ये बसलेला कोणताही विद्यार्थी हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांचे नाव ऐकल्यावाचून राहत नाही. सहीह बुखारीवरील त्यांचे भाष्य, फत्हुल बारी, शतकानुशतके मदरशांतून वाचले जात आहे. परंतु या लेखात भाष्यकार म्हणून त्यांची ओळख करून देण्याचा हेतू नाही. रोगराईच्या वर्षांत एक आलिम, एक काझी आणि एक पिता म्हणून ते कसे जगले, ते आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

याला कारण आहे. १४४१ हिजरीचा, म्हणजे एप्रिल-मे २०२० चा रमजान आपल्यापैकी अनेकांच्या मनात एखाद्या न फिटलेल्या देण्यासारखा राहून गेला आहे. मशिदींत जमात झाली नाही, तरावीह घरी पढावी लागली, ईदगाहची मैदाने ओस पडली. तो रमजान अल्लाहच्या दरबारी कबूल झाला असेल का, मशिदीची दारे ओढून घेतली हा आपल्या ईमानचा दुबळेपणा तर नव्हता, असे प्रश्न आजही विचारले जातात. आपण या प्रश्नांचा विचार एका जीवनाच्या आधाराने करू या.

हाफिज साहेबांचे मूळ नाव अहमद, वडिलांचे अली. घराणे मूळचे पॅलेस्टाईनमधील अस्कलानचे, म्हणून ते अस्कलानी म्हणविले गेले. त्यांचा जन्म शाबान ७७३ हिजरीत (फेब्रुवारी १३७२) मिसरमध्ये झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो की, याच पिढीत आपल्या कोकण किनाऱ्यावर, माहीम येथे, हजरत मखदूम अली माहिमी (रह.) होऊन गेले. हे दोघेही बुजुर्ग शाफई मसलकचे.

अहमद अगदी लहान असताना आईचे छत्र हरपले आणि चार वर्षांचे असताना वडीलही वारले. वडिलांच्या स्नेह्यांपैकी जकीउद्दीन खर्रूबी नावाच्या व्यापाऱ्याने त्यांचा सांभाळ केला. सित्तुर्रकब ही थोरली बहीण अवघ्या तीन वर्षांनी मोठी. पण तिने दिलेल्या मायेमुळे पुढे ते तिला आईच्या जागी मानीत. नवव्या वर्षी त्यांनी कुरआन हिफ्ज केला. पालकांबरोबर ते मक्केला गेले आणि ७८५ हिजरीच्या रमजानमध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, मस्जिदे हराममध्ये त्यांनी तरावीह पढवली.

वाचकहो, या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. पृथ्वीच्या पाठीवर याहून थोर जमात नाही. ज्या मुलाने काबागृहासमोर इमामत केली, त्याला रमजानच्या जमातीची गोडी ठाऊक नव्हती असे कोणीही म्हणू शकणार नाही. पुढे साथीच्या दिवसांत लोकांच्या गर्दीविषयी जे मत ज्यांनी मांडले, ते हेच गृहस्थ होत.

मक्केहून परतल्यावर त्यांचे ज्ञानार्जन सुरू झाले. हाफिज जैनुद्दीन इराकी (रह.) यांच्या सहवासात त्यांनी सुमारे दहा वर्षे हदीसचे अध्ययन केले. शाम, हिजाज आणि यमनचे प्रवास केले. ८१७ हिजरीत त्यांनी फत्हुल बारीचे काम हाती घेतले आणि पंचवीस वर्षांनी, ८४२ हिजरीच्या रजब महिन्यात ते पुरे केले. या पंचवीस वर्षांत त्यांच्या घरावर काय काय कोसळले, हे मात्र तो ग्रंथ वाचणारे फारसे जाणत नाहीत.

इ.स. १३४८ मध्ये मिसरमध्ये प्लेगची जी महासाथ आली, तिच्यानंतर हा रोग त्या देशातून कायमचा गेलाच नाही. काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हा पुन्हा येई आणि गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या करून जाई. ८१९ हिजरीत (१४१६) तो हाफिज साहेबांच्या घरात शिरला. त्यांची मुलगी गालिया बारा वर्षांची होती आणि धाकटी फातिमा जेमतेम दोन वर्षांची. दोघीही त्याच वर्षी गेल्या.

या आघातानंतर त्यांनी लेखणी उचलली. प्लेगविषयी प्रेषित (स.) यांच्याकडून काय पोहोचले आहे, सहाबांनी अशा प्रसंगी काय केले, धर्मशास्त्राचा हुकूम काय, हे सारे एकत्र करण्यास त्यांनी आरंभ केला. तो ग्रंथ म्हणजे बज्लुल माऊन. काम काही काळ थांबले. घरातील मृत्यू मात्र थांबले नाहीत. फरहा ही मुलगी ८२८ मध्ये आणि राबिआ ८३२ मध्ये अल्लाहला प्यारी झाली. दरम्यान ८२७ मध्ये हाफिज साहेबांची मिसरच्या शाफई प्रमुख काझीपदी नेमणूक झाली होती. पुढे कितीदा तरी ते पद गेले आणि पुन्हा आले. एकंदर वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते सांभाळले.

मग ८३३ चे वर्ष (१४३०) उजाडले. साथ पुन्हा भडकली. रबीउस्सानीच्या अखेरीस कैरोमध्ये दिवसाला चाळीसहून कमी मृत्यू होत होते. लोक घाबरले. तीन दिवस रोजे ठेवावेत, तौबा करावी आणि पावसासाठी नमाजला निघतात तसे सर्वांनी शहराबाहेर मैदानात जमून दुआ करावी, असे आवाहन झाले. जमादिलअव्वलच्या चार तारखेला लोक बाहेर पडले. थोडा वेळ थांबून त्यांनी दुआ केली आणि ते घरी परतले. तो महिना संपण्याच्या आतच मृतांचा आकडा दिवसाला हजारावर गेला आणि पुढे वाढतच राहिला.

हे सारे हाफिज साहेबांनी तारखांसह आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. रोजे ठेवणाऱ्या, तौबा करणाऱ्या, अल्लाहपुढे हात पसरणाऱ्या लोकांच्या मेळाव्यानंतर आकडा घटला असे लिहिण्याचा मोह कोणालाही झाला असता. श्रद्धावंत वाचकाला तेच रुचले असते. त्यांनी जे घडले तेच लिहिले. हदीसच्या विद्येत ज्यांचे सारे आयुष्य एकेका रावीचा खरेखोटेपणा पारखण्यात गेले, त्यांना स्वतः पाहिलेल्या गोष्टीबद्दल सोयीची साक्ष देणे शक्य नव्हते. याच साथीत त्यांची सर्वांत थोरली मुलगी जैन खातून गर्भवती असताना मरण पावली. पाचही मुली पित्याच्या हयातीतच गेल्या, त्यांपैकी तिघी प्लेगने. त्याच वर्षी त्यांनी बज्लुल माऊन पुरा केला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आजचे वैद्यकशास्त्र ज्याला संसर्ग म्हणते, तो हाफिज साहेबांनी मानला नव्हता. प्लेगचे कारण त्यांनी हदीसच्या आधारे अदृश्य सृष्टीत शोधले. त्यांच्या आधीच्या पिढीतील ग्रॅनडाचे वैद्य व लेखक इब्नुल खतीब यांनी अनुभवाच्या आधारे संसर्गाचा पुरस्कार केला होता. हाफिज साहेबांचा मार्ग तो नव्हता. मेळाव्याला त्यांनी विरोध केला तो जंतूंच्या भीतीने नव्हे. प्लेग टळावा म्हणून सर्वांनी मैदानात जमण्याची रीत प्रेषितांनी (स.) शिकविली नाही. सहाबांच्या काळात, १८ हिजरीत, शाममध्ये अमवासची भीषण साथ आली, हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्यासारखे थोर सहाबी तिच्यात शहीद झाले; तरीही असा मेळावा भरल्याचे आढळत नाही. जे त्यांनी केले नाही, ते धर्म म्हणून आपण का करावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. माणसाने आपल्या घरी, आपल्या जागी, एकट्याने रडून मागावे, याला त्यांनी कधीच अडविले नाही.

म्हणून त्यांचे नाव घेऊन आधुनिक रोगशास्त्र सिद्ध करण्याचा खटाटोप आपण करू नये. त्यांच्याकडून घ्यावयाचे ते वेगळे आहे. गर्दी म्हणजे इबादत नव्हे. जमातीचे सवाब मोठे आहेत, परंतु ज्या अल्लाहने जमातीची आज्ञा दिली त्यानेच अडचणीच्या वेळी घराची मोकळीकही दिली. पावसाच्या व कडाक्याच्या थंडीच्या रात्री प्रेषितांचा (स.) मुअज्जिन लोकांना आपापल्या मुक्कामी नमाज पढण्यास सांगे. तरावीहचेही पाहा. प्रेषितांनी (स.) काही रात्री ती मशिदीत पढवली, पुढे ती उम्मतवर फर्ज होईल या काळजीने ते बाहेर आले नाहीत. हजरत उमर (रजि.) यांनी नंतर लोकांना हजरत उबै बिन कआब (रजि.) यांच्या मागे एकत्र केले. मधल्या काळात लोक ती एकेकटे किंवा लहान लहान गटांत पढत. म्हणजे २०२० मध्ये आपल्या घरांत जे घडले, ते धर्माबाहेरचे काही नव्हते.

प्लेगच्या काळात धीर धरून, अल्लाहवर भरवसा ठेवून आपल्या जागी थांबणाऱ्या बंद्याला शहीदाइतका सवाब मिळतो, अशा आशयाची हदीस हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आली आहे. तिच्यावर लिहिताना हाफिज साहेबांनी एक आशादायक अर्थ दाखविला आहे. तो बंदा त्या रोगाने मेला नाही, साथ ओसरल्यावरही जगला, तरी तो या सवाबास पात्र ठरू शकतो. अर्थात प्लेग आणि इतर साथी यांत त्यांनी स्वतःच फरक केला आहे. तेव्हा करोनाला हा हुकूम जसाच्या तसा लावण्यात सावधगिरी हवी. तरीही अल्लाहच्या कृपेची आशा ठेवण्यास आपल्याला कोणी मना केलेले नाही.

आता आपल्या घरांकडे वळू या. २०२० मध्ये आपल्याकडे पहिला रोजा २५ एप्रिलला झाला, तेव्हा टाळेबंदीला महिना होऊन गेला होता. खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे आपले खंडाळा असो, शिरवळ किंवा लोणंद असो, सर्वत्र अजान होत होती आणि सफा रिकाम्या होत्या. ज्या घरांत कोणी हाफिज नव्हता, तेथे शेवटच्या दहा सुरा पाठ असणारा मुलगा पुढे उभा राहिला आणि त्याच्यामागे आई, आजी, बहिणी उभ्या राहिल्या. कितीतरी आयाबहिणींनी आयुष्यात पहिल्यांदा जमातीने तरावीह पढली ती त्या महिन्यात. २५ मेची ईदही घरातच झाली. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल २०२१ ला रमजान सुरू झाला, त्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. आणि त्या दुसऱ्या लाटेने तर आपल्या सातारा-सांगलीच्या गावोगावची माणसे नेली.

गर्दी नसतानाही जमात जिवंत राहू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. २०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी ईदचा खर्च आवरून ३६ लाख रुपये उभे केले आणि त्यातून तेथील इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते दूरसंवादाने त्याचे लोकार्पण झाले. त्या खाटांवर कोण झोपणार, त्याचा धर्म कोणता, हे कोणी विचारले नाही. देणारे एका मैदानात जमले नव्हते, पण त्या शहराची जमात त्या ईदला एकत्र होती.

वाचकहो, हाफिज इब्ने हजर (रह.) यांचे निधन जिलहज्ज ८५२ (फेब्रुवारी १४४९) मध्ये कैरो येथे झाले. त्यांच्या जनाजाला खुद्द सुलतान आला आणि माणसांचा समुद्र लोटला. ज्यांनी भीतीपोटी जमलेल्या गर्दीला धर्म मानले नाही, त्यांना निरोप द्यायला अलोट गर्दी झाली. आपल्या कित्येक माणसांना मात्र तो निरोपही मिळाला नाही. चार माणसांनी, अंगभर प्लॅस्टिकचे पोशाख घालून त्यांना कबरीत उतरविले. मुलांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. ज्यांच्या मनात ही सल आहे त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, दुआ पोहोचण्यासाठी जनाजातील रांगांची संख्या लागत नाही. पाच मुली दफन करणारा पिता हे जाणून होता, म्हणूनच तो पुन्हा लेखणीकडे वळू शकला.

येत्या रमजानपूर्वी तीन कामे आपण करावीत. आजारपणामुळे त्या दोन वर्षांत ज्यांचे रोजे सुटले आणि अजून कजा राहिले आहेत, त्यांनी ते हिशेब करून पुरे करावेत; ज्यांना आता रोजा झेपत नाही त्यांनी आपल्या आलिमांना विचारून फिदया द्यावा. साथीत ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरची इफ्तारी आणि मुलांची फी आपल्या जकात-सदक्याच्या हिशेबात आधी धरावी. आणि आपल्या मोहल्ल्यातून त्या काळात कोण कोण गेले, त्यांची नावे तारखांसह एका वहीत लिहून मशिदीत ठेवावीत, म्हणजे शेवटच्या दहा रात्रींत त्यांच्यासाठी नाव घेऊन दुआ मागता येईल. हाफिज साहेबांनी आपल्या शहराचे मृत्यू लिहून ठेवले म्हणून ते आज आपल्याला माहीत आहेत. आपल्या माणसांची आठवण ठेवणे आपल्यावर आहे.

अल्लाह तआला हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांचे दर्जे बुलंद करो, साथीत गेलेल्या आपल्या सर्व माणसांची मगफिरत करो, घराघरांत पढलेली ती तरावीह कबूल करो आणि आपल्याला खरी साक्ष देणारे बंदे बनवो. आमीन.